मोड आलेल्या दाण्यांची घरं

पावसाळ्यात नाचणीचं सत्त्व करायला घेऊ नये, असं आई नेहमी सांगायची. मी ऐकलं नाही आणि गेल्या जुलैत दोन किलो नाचणी वाया घालवली. रात्रभर भिजवली, सकाळी उपसून जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधली आणि कामावर गेलो. संध्याकाळी पुरचुंडीत हात घातला तर आत चांगली ऊब, जणू कुणाला बारीक ताप आलाय. दुसऱ्या दिवशी मोड आले. मी सोडवायला उशीर केला, तोवर ते एकमेकांत असे गुंतले की फडकं उलगडल्यावर काथ्याच्या पायपुसण्यासारखा गोळा हातात आला. तो मोडून पंख्याखाली पसरला. परळच्या आमच्या दोन खोल्यांत जुलैमध्ये टॉवेल वाळत नाही, तिथे नाचणी काय वाळणार? तिसऱ्या दिवशी कुबट वास आणि चौथ्या दिवशी बुरशी.

चुका तीन झाल्या. ढिगातली उष्णता बाहेर काढली नाही, मोड वेळेवर सुटे केले नाहीत, आणि वाढ थांबवायची वेळ आली तेव्हा कोरडी गरम हवा हाताशी नव्हती. नेमक्या याच तीन अडचणींसाठी इंग्लंड-स्कॉटलंडात आणि युरोपात इतरत्र लोकांनी दगड-विटांच्या लांबलचक, दोन-तीन मजली इमारती बांधल्या. दाणा तेवढा नाचणीचा नव्हता, सातूचा, म्हणजे जवाचा होता. आणि त्याची पुढे खीर न होता बिअर किंवा व्हिस्की व्हायची. मोड आणून वाळवलेल्या या सातूला माल्ट म्हणतात. ते जिथे होतं त्या इमारतीला आपण माल्टघर म्हणू. अशा जुन्या माल्टघरांचा आणि बिअरच्या कारखान्यांचा माग काढणं हे पुरातत्त्वाचं एक छोटं पण फार रंजक अंग आहे.

आधी दाण्याच्या आत काय चालतं ते बघू, कारण पुढची सगळी बांधकामं त्यावरूनच ठरली.

दाण्यात कोंबासाठी शिदोरी बांधलेली असते, ती स्टार्चची. साखरेचं मद्य करणाऱ्या यीस्टला स्टार्च खाता येत नाही, त्याला साखर लागते. द्राक्षात साखर आयती असते, धान्यात नसते. पण दाणा भिजला, त्याला उगवायची चाहूल लागली, की तो स्वतःच स्टार्च तोडणारी एन्झाइम्स तयार करतो. १८३३ साली पायेन आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी माल्टमधून हा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला डायस्टेस असं नाव दिलं. जेवणानंतर घ्यायच्या पाचक सिरपच्या बाटलीवर बारीक अक्षरांत हेच नाव पुष्कळदा सापडेल. माल्ट करणाऱ्याची कसरत अशी, की दाण्याला एन्झाइम्स करू द्यायची, पण शिदोरी खाऊ द्यायची नाही. कोंब फुटून बाहेर पडायच्या बेतात आला की त्याला गरम हवेने तिथल्या तिथे थांबवायचं. एन्झाइम्स मात्र फार तापून मरता कामा नयेत, कारण पुढे दळलेलं माल्ट साधारण ६५ अंशांच्या पाण्यात कालवलं की साखर करायचं काम तीच करतात.

आता इमारतीत शिरू. एका टोकाला दगडाचा किंवा विटांचा हौद. कोरड्या सातूत साधारण १२ टक्के पाणी असतं. हौदात दोन-तीन दिवस भिजून ते ४५ टक्क्यांच्या आसपास जातं. मग दाणे उपसून ढीग करायचा, म्हणजे आत ऊब धरते आणि अंकुर सुटतो. आपली फडक्यातली मटकी तीच. त्यानंतरचं काम मात्र आपल्या स्वयंपाकघरात नाही. तो ढीग लांबच लांब जमिनीवर वीतभर जाडीचा पसरायचा आणि आठ-दहा दिवस, प्रसंगी त्याहून जास्त, लाकडी फावड्याने आणि दाताळ्याने उलथत राहायचं. उलथलं नाही तर माझ्या नाचणीचं झालं तेच होतं. थंडी वाढली की थर जाड करायचा, ऊब वाढली की पातळ. कामगार अनवाणी किंवा मऊ कापडी बुटांत चालायचे, कारण चिरडलेल्या दाण्याला आधी बुरशी लागते. स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांमध्ये या कामाने खांदा उतरणाऱ्यांच्या दुखण्याला ‘मंकी शोल्डर’ असं नावच पडलं.

हा जो पसरायचा मजला आहे, तो माल्टघराची खरी ओळख. छत इतकं ठेंगणं की उंच माणसाने मान वाकवूनच चालावं. दाण्याचा थर वीतभर, त्यावर उंच छत करून काय करायचं? हवा जितकी थोडी तितकी तिची उष्णता आणि ओल हातात ठेवणं सोपं. खिडक्या लहान, काचेऐवजी बहुतेकदा लाकडी झडपा असलेल्या, आणि ओळीने भरपूर. एकीकडच्या दोन उघडायच्या, दुसरीकडच्या चार बंद करायच्या, असा दिवसभर खेळ. उजेड नकोच असतो. जमीन गुळगुळीत, चुन्याची किंवा जिप्समच्या गिलाव्याची, म्हणजे फटीत दाणा अडकून सडणार नाही. मध्ये खांबांच्या रांगा, कारण ओल्या धान्याचं ओझं प्रचंड.

आणि दुसऱ्या टोकाला भट्टी. चौकोनी खोली, खाली विस्तव, वर पिरॅमिडसारखं उंच निमुळतं छप्पर, त्याच्या टोकाला वाऱ्याबरोबर फिरणारी टोपी किंवा झरोके. स्कॉटलंडात चार्ल्स डॉइग या वास्तुकाराने १८८९ मध्ये डेलुएन इथे या छपराला पॅगोडासारखा आकार दिला. तो इतका चालला की आज अनेक डिस्टिलऱ्या स्वतः माल्ट करत नाहीत, तरी पॅगोडा मिरवतात. मधला मजला म्हणजे एक भलीमोठी चाळणी. त्यासाठी भाजलेल्या मातीच्या खास फरशा असायच्या, साधारण फूटभर चौरस. एखादी उलटी करून पाहिली तर खालून अंगठा जाईल एवढाली भोकं दिसतात. वरून मात्र त्या प्रत्येक भोकाच्या जागी सुईने टोचल्यासारखे पाच-सात बारीक छिद्रांचे पुंजके. गरम हवा मोकळी वर येते, दाणा खाली पडत नाही. इडलीपात्राची छिद्रं पाहिली असतील तर कल्पना येईल. सॉमरसेटमधलं ब्रिजवॉटर गाव अशा फरशांसाठी प्रसिद्ध होतं. भट्टी कधीच पाडून झालेली असते, पण शेजारच्या परसात किंवा कुंपणात अशी एखादी फरशी सापडते आणि अभ्यासकाला कळतं, की इथे माल्ट होत होतं.

उन्हाळ्यात मजला थंड राहत नसे, म्हणून काम ऑक्टोबर ते मेपर्यंत. इंग्लंडच्या सफोक परगण्यातले शेतमजूर सुगी आटपली की बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या बर्टन गावच्या माल्टघरांत जायचे आणि काम संपलं की परत. गिरणगावात वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. आमचे आजोबाही पेरणीला रजा टाकून कोकणात जायचे. ते रजेवर असताना मिलमध्ये त्यांच्या जागी उभं राहणाऱ्या बदली कामगाराची मजाच असायची.

इमारत घडवणारा आणखी एक कारागीर होता, त्याचं नाव सरकार. इंग्लंडमध्ये १६९७ पासून १८८० पर्यंत माल्टवर कर होता. एक्साइजचा माणूस मोजपट्टी घेऊन यायचा आणि हौदातले, मग ढिगातले, मग जमिनीवरचे दाणे घनफळाने मोजायचा. ओला दाणा फुगतो, त्यामुळे ढीग एका ठरावीक लाकडी चौकटीत सपाट करून ठेवावा लागे. तो पायाने तुडवून, दाबून बसवला तर माप कमी भरतं आणि कर वाचतो. म्हणून दाबणं हा गुन्हा. १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने हा कर काढून टाकला आणि ही चौकट एका फटक्यात निरुपयोगी झाली. आज जुन्या माल्टघरात हौदाशेजारी जमिनीत खाचा दिसल्या, भिंतीला चौकटीची पुसट रेघ दिसली, की तो भाग १८८० च्या आधीचा असण्याची शक्यता वाढते. कायद्याचं कलम असं फरशीत वाचता येतं, हे मला तरी या विषयातलं सगळ्यात गमतीचं वाटतं.

उभ्या इमारतीचं पुरातत्त्व म्हणजे मुख्यतः हेच. खोदायचं काही नाही, भिंतीकडे तासन्‌तास बघायचं. कुठली वीट नंतरची, कुठला दरवाजा बुजवलेला, तुळईवर काजळी कुठे, पोती वर ओढायच्या कप्पीचं भोक कुठे. याचा सुंदर नमुना इंग्लंडच्या श्रूजबरी गावात आहे. तिथे १७९७ साली चार्ल्स बेज याच्या आराखड्यावर जवसाच्या धाग्याची एक गिरणी पूर्ण झाली. त्या काळी लाकडी गिरण्या सारख्या जळत, म्हणून याने खांब आणि तुळया दोन्ही बिडाच्या केल्या. लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली जगातली पहिली इमारत म्हणून ती ओळखली जाते. आपल्या टॉवरांची पणजी म्हणा. आपल्याकडे काळा घोड्याला जी वॉटसन हॉटेलची इमारत पडायला टेकली आहे, तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडहून जहाजाने येऊन उभा राहिला तो १८६० च्या दशकात, म्हणजे या गिरणीनंतर सत्तर वर्षांनी.

श्रूजबरीची गिरणी १८८६ मध्ये बंद पडली आणि १८९७-९८ मध्ये तिचं माल्टघर झालं. आता विचार करा. सूत काढणाऱ्याला उजेड हवा, म्हणून गिरणीला मोठ्या खिडक्या. माल्ट करणाऱ्याला उजेड नको, म्हणून त्याने त्या खिडक्या विटांनी बुजवल्या आणि त्यांत छोट्या खिडक्या ठेवल्या. बाहेरून बघितलं तर मोठ्या कमानीच्या पोटात लहान चौकट स्पष्ट दिसायची. एका भिंतीवर दोन धंदे, एकावर एक लिहिलेले. माल्टघरही १९८७ मध्ये बंद झालं. बरीच वर्षं पडून राहिल्यावर दुरुस्ती होऊन २०२२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. दुरुस्ती करताना मोठा प्रश्न हाच होता, की खिडक्या कुणाच्या ठेवायच्या? गिरणीच्या की माल्टघराच्या? माझं मत विचाराल तर दोन्ही दिसायला हव्यात. सगळ्या उघडून चकाचक केल्या तर मधली नव्वद वर्षं खोटी ठरतात.

सफोकच्या स्नेप गावातल्या माल्टघराचं तर १९६७ मध्ये संगीतसभागृह झालं, दोन वर्षांनी ते जळालं आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहिलं. तिथला आवाज उत्तम मानतात.

बिअरच्या कारखान्याबद्दल थोडक्यात. पंप आणि वीज महाग होती तेव्हा गुरुत्वाकर्षण फुकट होतं. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कारखाने मनोऱ्यासारखे बांधले. पाणी आणि धान्य एकदाच वर चढवायचं. मग दळण, गरम पाण्यात कालवणं, हॉप्स नावाची कडसर फुलं घालून उकळणं, गार करणं, आंबवणं असं करत माल मजल्यामजल्याने खाली उतरतो आणि तळघरात पिंपात पडतो. ऑक्सफर्डशायरमधल्या हुक नॉर्टनचा मनोरा या पद्धतीचा. तिथलं १८९९ चं वाफेचं इंजिन अजून जपलंय. बाहेरून ओळखायचं असेल तर वरच्या मजल्यावरच्या लाकडी झडपांच्या पट्ट्या बघायच्या: तिथे उथळ ताटांत उकळता रस वाऱ्यावर निवायला ठेवत. पिंपं किती मोठी असत हे लंडनला १८१४ साली कळलं. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका कारखान्यातलं बावीस फूट उंच पिंप फुटलं, बिअरचा लोंढा मागच्या गरीब वस्तीत घुसला आणि आठ जण मेले.

ही झाली डोळ्यांना दिसणारी बांधकामं. मातीखाली गेलेलं माल्टघर ओळखणं जास्त अवघड, आणि तिथे कामी येतो तो अपघात. भट्टीला आग लागली, माल्ट जळून कोळसा झालं, मालक बुडाला. पण कोळसा झालेला दाणा हजारो वर्षं कुजत नाही. उत्खननातली माती पाण्यात ढवळली की हे काळे दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीत धरायचे. मोड नुसते असून भागत नाही, कारण पावसात भिजलेल्या पोत्यातही मोड येतात. पण ते कसेही येतात: चार दाण्यांना लांब, दहांना आखूड, बाकीच्यांना नाहीच. मुद्दाम केलेल्या माल्टमध्ये जवळजवळ सगळ्या दाण्यांचे कोंब सारख्या लांबीचे असतात. जर्मनीत स्टुटगार्टजवळ होखडॉर्फला इसवीसनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातल्या एका चरात असा सारख्या मोडांचा जळका सातू मिळाला. रोमन काळातल्या ब्रिटनमध्ये इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या भट्ट्या जागोजागी सापडतात. त्या धान्य वाळवण्याच्या म्हणून ओळखल्या जात. १९७० च्या दशकात पीटर रेनॉल्ड्स यांनी तशी भट्टी बांधून पेटवून पाहिली, तर धान्य वाळवायला ती अगदीच सुमार निघाली आणि माल्ट करायला बरी. पुरातत्त्वात असं हातांनी करून बघण्याला तोड नाही.

दाण्याचा नुसता भुगा उरला असेल तर? २०२० मध्ये संशोधकांच्या एका गटाने दाखवून दिलं, की मोड येताना दाण्याच्या सालीखालच्या थरातल्या पेशींच्या भिंती पातळ होतात, आणि दाणा जळून दळला गेला तरी हा पातळपणा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसतो. इराणमधल्या गोदिन टेपेला पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका रांजणात कॅल्शियम ऑक्झलेटचं पिवळट किटण सापडलं होतं; बिअर मुरलेल्या भांड्याला ते धरतं. आणि इजिप्तमधल्या अबायडोसला २०२१ मध्ये जाहीर झालेला कारखाना तर राजा नार्मरच्या काळातला, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा. आठ विभाग, प्रत्येक वीस मीटर लांब, प्रत्येकात दोन रांगांत मिळून चाळीसेक मातीचे रांजण. एका वेळी २२,४०० लिटर बिअर होत असावी, असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज आहे. आपल्या पाण्याच्या दोन मोठ्या टँकरांइतकी म्हणू.

मोड आणून मद्य करणं आपल्यालाही परकं नव्हतं. वैदिक सौत्रामणी यागात लागणाऱ्या सुरेच्या साहित्यात शष्प आणि तोक्म येतात: मोड आलेली साळ आणि मोड आलेला जव. कौटिलीय अर्थशास्त्रात आंबवणाला किण्व म्हटलंय. आपण शाळेत शिकलो ते किण्वन तिथून आलं.

मग मुंबईत एखादं जुनं माल्टघर का सापडत नाही? कारण इथे त्याची गरजच नव्हती. भंडाऱ्यांची माडी झाडावरून उतरते तीच गोड, मडकं उतरेपर्यंत ती आंबायलाही लागलेली असते. हौद नको, जमीन नको, भट्टी नको. मागे उरतात त्या फक्त माडाच्या खोडावरच्या खाचा आणि माझगावचं भंडारवाडा हे नाव. मोहाच्या फुलातही साखर आयती. एकोणिसाव्या शतकात मुंबईची मोहाची दारू पुष्कळशी उरणच्या भट्ट्यांतून यायची. (रे रोडचा दारूखाना यात धरू नका, ती दारू बंदुकीची.) गोऱ्या शिपायांना मात्र बिअर हवी होती. ती पिंपांत भरून लंडनहून, १८२० च्या दशकापासून बर्टनहूनही, आफ्रिकेला वळसा घालून बंदरात उतरायची. बर्टनच्या विहिरींचं पाणी जिप्सममुळे जड, आणि त्यामुळे तिथली बिअर नामांकित. आपलं तानसा-भातसाचं पाणी त्या मानाने अगदी मऊ.

इथेच माल्ट करायचं म्हटलं तर आडवी येते ती हवा. माल्टच्या जमिनीला बारा ते सोळा अंशांचा गारवा लागतो. मुंबईत तेवढी थंडी पडली तर पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. म्हणून इंग्रजांनी कारखाने काढले ते डोंगरात. कसौली आणि सोलनचे कारखाने एडवर्ड डायर याने काढले. जालियनवाला बागेतला जनरल डायर त्याचाच मुलगा. आता पाकिस्तानात असलेल्या मरीजवळ घोडा गलीला १८६० मध्ये असाच कारखाना निघाला. १९४७ च्या दंगलीत ती इमारत जाळली गेली, तिच्या दगडी भिंती अजून तिथे उभ्या आहेत.

गेल्या महिन्यात मित्राने लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात बिअर प्यायला नेलं. तिथेच बिअर बनवतात, काचेमागे स्टीलच्या टाक्या चमकत होत्या आणि कोपऱ्यात परदेशी माल्टची पोती रचलेली. मी वर बघत बसलो. करवतीच्या दातांसारखं छप्पर, उत्तरेकडे तोंड केलेल्या काचांचं. विणणाऱ्याला ऊन न येता सारखा उजेड मिळावा म्हणून ते तसं केलेलं. पबला उजेड नको, तेव्हा काचांना आतून काळा रंग फासलाय. एका बिडाच्या खांबावर, डोक्याच्या वर हातभर, मशीनच्या पट्ट्याचा दांडा पेलणारा लोखंडी हात अजून तसाच आहे. त्याला स्पीकर टांगलाय.